हिचा रंग कोणता

इतवारीच्या दुकानात तेवीस वर्षं
मी रंग कालवतो.
गिऱ्हाईक भिंतीचा टवका रुमालात बांधून आणतं.
मी तो उजेडात धरतो, म्हणतो,
दोन थेंब गेरू, एक काळा, बाकी सगळा पांढरा.
सहसा चुकत नाही.

पण ही.
कळमन्याहून संत्र्याच्या पेटीत आली,
पाय सुतळीनं बांधलेले.
सुतळी सोडली तशी कूलरच्या स्टँडखाली शिरली,
भाडं आगाऊ भरल्यासारखी.
मान तांबूस, म्हणजे पितळी घागरीला
चिंच लावायच्या आधीचा तांबूस.
पाठ राखेची, तीत बारीक काळ्या रेघा,
पेन्सिलीला टोक आलं का, हे कुणी
ओढून पाहिल्यासारख्या.
पंख उचलला की आत पांढरं,
बाहेरून पत्ता लागू न देणारं.
शेपटी काळी.
उन्हात काळी नाही;
उन्हात ती आंब्यावरच्या माशीसारखी हिरवी.

झनकलाल पटले गोंदियाकडचे. त्यांनी तिला उचललं,
छातीचं हाड चाचपलं, नडगी अंगठ्यानं मोजली.
"असील हाये हिच्यात. निदान आजी तं हायेच.
उभी कशी राह्यते पाहा ना,
उधारी वसूल कराले आल्यावानी."
सलमाआपांनी चोच उघडून जीभ पाहिली. काळपट.
"कडकनाथ," त्या म्हणाल्या,
आणि लगेच भावही सांगितला.
वैदेही गजभिये व्हेटर्नरीत दुसऱ्या वर्षाला.
तिनं कानाची पाळी पाहिली, तुरा पाहिला.
"काका, योजनेत वाटतात ना, त्या तपकिरी कोंबड्या,
त्यांचं काहीतरी. आणि बाकी..."
बाकीच्या जागी तिनं वहीत प्रश्नचिन्ह काढलं.
मला तिचंच उत्तर पटलं.

रात्री मीही हिशोब मांडला.
एक वाटा असील, अर्धा कडकनाथ,
पाव वाटा सरकार,
उरलेलं गावरान,
म्हणजे ज्याचं नाव कुणी विचारलंच नाही ते सगळं.
डब्यात एवढं कालवलं तर चिखल होतो.
मला माहीत आहे, मी केलेला आहे.

माझं म्हणाल तर मी पांढुर्णा सांगतो.
आई एका वाक्यात दोन भाषा वापरायची,
आजा कुठून आला हे आजा
दर खेपेला वेगळं सांगायचा.
मानेवाड्याला खोली पाहायला गेलो तेव्हा मालकानं
आधी नाव विचारलं, मग पूर्ण नाव,
मग गाव, मग त्याआधीचं गाव.
चहा दिला. खोली कालच गेली होती म्हणाला.

मार्चअखेर ही खुडूक बसली.
नऊ अंडी, एकविसावा दिवस, त्रेचाळीस डिग्री,
वरून कूलरचं पाणी थेंब थेंब.
सहा पिल्लं निघाली.
दोन डांबरी, दोन हळदी, एक खारीसारखं पट्ट्यांचं,
आणि एक
साफ उघड्या मानेचं,
शाळेच्या फोटोआधी हजामत केलेल्या पोरासारखं.

सगळे वाकून पाहत होते.
"आईकडून नाही हे," वैदेही म्हणाली,
"आईत असतं तर दिसलं असतं."
झनकलाल हळूच उभे झाले.
नाल्यापलीकडच्या पत्र्यांवर,
जिथं आमच्या गल्लीतलं कुणी जात नाही
आणि तिथलं कुणी येत नाही असं आम्ही समजतो,
एक नागड्या मानेचा कोंबडा
भर दुपारी, वेळकाळ न पाहता, आरवला.
सलमाआपांनी पदर तोंडाला लावला.
हसू होतं की काय, कळलं नाही.
तिनं मात्र मान वळवली नाही.
पिलांना पोटाखाली ओढलं आणि डोळे मिटले,
खालून वर, कोंबड्या मिटतात तसे.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई
टवका घेऊन आल्या.
"अगदी हाच पाहिजे."
मी तो उजेडात धरला.
बराच वेळ धरून ठेवला.