दुसऱ्या पातळीवरचा राक्षस

ओआमारूला त्या हिवाळ्यात मेंढ्या भादरायचं काम संपलं,
म्हणून तिपेने तीन आठवडे राक्षस झाला.
रबरी दात, पाठीला कुबड, दोन वेळचं गरम जेवण.
सिनेमात तो दिसतो डोळा लवेपर्यंत.
पण कुणीतरी त्याचं अंग मोजून नेलं होतं,
सही कशावर केली, त्याने वाचलं नव्हतं.

आता खेळात चाळीस जणांची झुंड येते,
चाळीसही तोच.
मेरेआना कुऱ्हाड चालवते, सपासप.
तो मागे बसून टोस्टला लोणी लावत
आपण कसे पडतो ते बघतो:
आधी डावा गुडघा.
तेवढा खरा आहे,
मेंढ्यांनी दिलेला.

शेवटचा एक उरला की ती थांबते.
नुसती ढाल धरते.
वाकडी भुवई तिच्याही कपाळावर आहे.
सगळे मेल्याशिवाय दरवाजा उघडत नाही,
हे तिला पाठ आहे.

'मार गं,' तिपेने म्हणतो, 'पुढे पूल आहे. बघण्यासारखा.'

'असू दे.'

हीटर टकटकतो. लोणी विरघळतं.
ढालीवर बाप आदळत राहतो,
आदळत राहतो,
मागच्याला मात्र
बसल्या जागी डुलकी लागलेली.