नंतर बघू

अशोकनगरच्या शेवटच्या बसथांब्यापाशी
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
सात ते साडेआठ मी इंग्रजी शिकवते.
फळा हिरवा, पंख्याची मान एकाच बाजूला वळणारी,
आणि नऊ जण,
सातपूर-अंबडचं ऑइल-ग्रीस नखांत तसंच ठेवून आलेले.

आज बारक्या शब्दांचा धडा होता.
अप, डाउन, ऑन, ऑफ, आफ्टर.
म्हटलं, ही चिल्लर आहे,
पण चिल्लर नसली की कंडक्टर किती बोलतो
ते तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडे असा शब्द नामाच्या पाठीला बिलगून येतो:
टेबलावर, खिशात, माहेरून.
त्यांच्याकडे तो मोकळा हिंडतो,
आज या क्रियापदाच्या दारात, उद्या त्या,
आणि शिरेल तिथलं घरच फिरवून टाकतो.
पुट म्हणजे ठेव.
पुट ऑफ म्हणजे पुढे ढकल.
पुट अप विथ म्हणजे सोस.

शाहीन म्हणाली,
मॅडम, ठेवण्यातून सोसणं कुठून निघालं?

मला माहीत नव्हतं.
माहीत नसलं की मी प्रश्न विचारते.
गंगेवर जाऊन येते, म्हणतो ना आपण नाशकात?
मग पाण्यावरून चालतं कोण?
आणि जाऊन येते म्हणणारी बाई
शेवटी जाते की येते?
सगळे हसले. निभावलं.

पुंजाराम गांगुर्डे खिडकीपाशी बसतात.
वय बावन्न, आता गेटवर वॉचमन.
डाव्या हाताने लिहितात, अक्षर उतरणीला लागलेलं.
उजवा हात खिशात असतो.

मी फळ्यावर लिहिलं: लुक आफ्टर.
त्यांनी वहीत अर्थ लिहिला: नंतर बघू.

लुक म्हणजे बघ, आफ्टर म्हणजे नंतर.
चूक, पण किती शिस्तीत केलेली चूक.
मी लाल काट मारली,
वर लिहिलं: सांभाळणे, काळजी घेणे.

ते वहीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, पण साहेब हेच बोलले होते की.
प्रेस शॉपला. अकरा साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी.
वुई विल लुक आफ्टर यू.
मला कुठं येत होतं?
हेल्पर पोराला विचारलं, काय म्हणाले रे?
तो म्हणाला, काका, नंतर बघू म्हणतायत.
म्हणून मी थांबलो.

मग, बघितलं त्यांनी?
शाहीनला राहवलं नाही.

नाही ना.
म्हणजे पोरानं अर्थ बरोबर लावला होता.

पंख्याने मान वळवली, तशीच परत आणली.
खाली झेरॉक्सचं मशीन
कुणाचा तरी सातबारा काढत होतं, पानामागून पान.

मग धडा जणू त्यांच्याकडेच आहे
अशा आवाजात गांगुर्डे म्हणाले,
तुम्ही सांगता तसं आपल्यातही आहे, मॅडम.
मी सगळ्यांना सांगत असतो,
दोन बोटं गमावून बसलो.
बसलो कुठं होतो?
उभाच होतो मशीनवर.

कुणी हसलं नाही. एकाने टोपण उघडलं,
बंद केलं, परत उघडलं.
बाहेर सीबीएसची बस लागली
आणि सगळे एकदम उठले.

वही माझ्याकडेच राहिली.
घरी आमटी गरम होईपर्यंत मी ती उघडून बसले.
खरंच बसले, ओट्याशेजारच्या स्टुलावर.
लाल शाई खोडता येत नाही.
खोडरबराने कागद तेवढा विरला.
मग समासात बारीक अक्षरात लिहिलं:
हाही अर्थ होतो. शब्दकोशात नाही.

उद्याच्या धड्यात गेट ओव्हर आहे.
तो मी सोमवारवर ढकलला.