सहीची जागा

रात्री सव्वादोनला लमिसीने गाडी पाठवली.
आमच्याकडे गाडी एकच, आणि टाकीत डिझेल
बोल्गातांगाला जाऊन परत येण्यापुरतं.
महिना संपायला नऊ दिवस होते.

मुलगा अकरा वर्षांचा, अकोल्गोचा धाकटा.
ताप चार दिवसांचा. नाडी एकशे अठरा. जीभ कोरडी.
बाकीचे आकडे असे, की ज्याला घाबरायचं त्याने घाबरावं,
ज्याला झोपायचं त्याने झोपावं.
डॉक्टर कुमासीला, मामाच्या अंत्यविधीला.
त्यांचा फोन वाजत राहिला.
बाहेर हर्मटनची धूळ, दिव्याभोवती पिठासारखी.

"साडेबाराला पोट मऊ होतं, सिस्टर," ती सकाळी म्हणाली,
"दोनला फळी."
फळी, की नुसतं घट्ट?
ती गप्प. मग तिने स्वतःचा तळवा उलटा करून पाहिला,
जणू तिथे अजून काही चिकटलेलं असेल.
"फळी."

आतड्याला भोक नव्हतं.
तिथल्या सर्जनने फोटो काढला, दोन रात्री ठेवून घेतलं,
जंतांचं औषध दिलं.
तिसऱ्या दिवशी पोरगा मालाच्या तीनचाकीतून परत आला,
कांद्याच्या पोत्यांवर बसून, उकडलेलं अंडं सोलत.

त्याच तीनचाकीतून आदल्या दुपारी असिबी आली होती,
अडलेली, अकरा किलोमीटर, खड्ड्याखड्ड्यातून,
कारण गाडी दारात होती आणि डिझेल नव्हतं.
बाळ जगलं. तीही.
पण जगले म्हणून हिशेब मिटत नाही.
चाकाच्या प्रत्येक दणक्याला तिने काय धरून ठेवलं होतं
ते मी तिच्या मुठी उघडताना पाहिलं.

सोमवारी मिस्टर क्वार्तेंग खतावणी घेऊन बसले.
"हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"
हातातून, मी म्हटलं.
त्यांना ते उद्धट वाटलं. होतंही थोडं.

रजिस्टरात 'निर्णय' या रकान्यात लमिसीची सही,
शाळकरी, गोल, शेवटचं अक्षर जरा थरथरलेलं.
खाली 'प्रभारी'. कोरी जागा.
मी सही केली.
तारीख त्या रात्रीची नाही, त्याच दिवसाची घातली.

पाठीशी घालणं वेगळं, पाठीशी उभं राहणं वेगळं.
लोक गल्लत करतात. मीही करत आले.

कारण, खरं सांगायचं तर, मी गाडी पाठवली नसती.
एकतीस वर्षांचा माझा हात म्हणाला असता, थांब,
अर्ध्या अर्ध्या तासाने नाडी बघ, उजाडू दे.
थांबून मी पुष्कळदा बरोबर ठरले आहे.
दोनदा नाही.
त्या दोघांची नावं मला पाठ आहेत,
बाकी सगळ्यांची विसरले.
हे मी क्वार्तेंगना सांगितलं नाही. लमिसीलाही नाही.
त्या रात्री मी घरी होते, उशाशी पाणी घेऊन.
पोटाला हात तिने लावला होता.

तिला मात्र दार लावून घेऊन एक गोष्ट सुनावली:
साडेबाराचं मऊ पोट तू लिहिलंच नाहीस.
पानावर फक्त फळी आहे.
आधीचं मऊ नसेल, तर फळीला कोण विचारतं?
तिचे डोळे भरतील असं वाटलं होतं. ती रागावली.
बरं वाटलं मला.

आज रात्रपाळीला आम्ही दोघी.
डिझेल आलं आहे, अर्धी टाकी.
सहा नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीला सकाळपासून धाप आहे.
लमिसी वाकली, मोजते आहे, ओठ हलताहेत,
मग पेन काढून आधी वेळ लिहिली.
आता ती तिथेच उभी आहे,
टेबलावरच्या फोनपासून चार पावलांवर.

मी कापसाचे बोळे करते आहे.
मान वर केली तर ती माझा चेहरा वाचेल
आणि माझ्या चेहऱ्यावर जे असेल तेच करेल.
म्हणून मोजते.
अडतीस. एकोणचाळीस.
पावलांचा आवाज येतो आहे,
कुठल्या दिशेने, ते बघत नाही.
चाळीस.