बिनसुईचं पायपुसणं

सुई नको, दोरा नको, असं फिलूमावशी सांगून गेली
आणि बाबांचा विश्वास बसेना.
मोतीबिंदूचा डोळा अजून पाणावतो,
हिरवी झापड कपाळावर सरकवून म्हणाले,
"सुयेशिवाय कसा ऱ्हवतला तां? सुटतला."

ओटीवर ढीग:
बर्फाच्या कारखान्याने वाटलेले दोन टी-शर्ट,
तीन निवडणुकांचे तीन,
सर्जेकोट कबड्डी संघाचा एक, पाठीवर सात
(दादाचा; तो मस्कतला, आता मागत नाही),
आणि आईची मॅक्सी, जिची फुलं
खाऱ्या पाण्याने कधीच धुऊन नेली.

मी दोन बोटं रुंद पट्ट्या कापत गेले.
पट्टी ताणली की कडा आत वळतात,
उन्हात टाकलेल्या बोंबलासारखी ती गोल होते.
टोकाला चीर द्यायची, नवीच्या टोकालाही चीर,
चिरेवर चीर ठेवून
नवीचं शेपूट खालून दोन्हींतून वर काढायचं
आणि खेचायचं.
गाठ नाही, टाका नाही.
बाबा पुढे सरकले.
"ह्यां तर माका येता."

वेणी त्यांना एकाच तऱ्हेची येते.
मी चौथीत, आई ओरोसच्या दवाखान्यात,
पंधरा दिवस माझी वेणी त्यांनी घातली.
नांगराचा दोर वळावा तशी,
ओठ मिटून, एक पाय पाटाला रेटून.
माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या.
दिवसभर वर्गात मी चकित चेहऱ्याने बसायचे
आणि गावकरबाईंना वाटायचं
हिला भागाकार फारच आवडतो.
रात्री सुटायची नाही. तशीच झोपायचे.

तर तशीच वेणी.
वेणीला वळण द्यायचं,
आतला पदर आधीच्या फेरीच्या फटीतून बोटाने ओढून घ्यायचा,
पुन्हा तीन पेड, पुन्हा फट.
जाळी शिवलेलं बोट फट आपसूक शोधतं,
त्याला डोळा लागत नाही.
तिसऱ्या फेरीनंतर कुठला पक्ष कुठे गेला
कळेना.

आई बाजारातून आली तेव्हा
पायपुसण्याची वाटी झाली होती.
कडा उभ्या, तळ खोल.
तिने पाटी उतरवली, पदर झटकला,
वाटीत पाच कांदे ठेवले
आणि काही न बोलता आत गेली.
आतून हसण्याचा आवाज आला.

"खंय चुकला?"
मी कांदे बघत होते.
म्हटलं, बाबा, होडी बांधता तेव्हा
दोर किती सोडता?
"भरतीवर आसा तां."
मग ते गप्प झाले.
खाडीकडे बघितलं, पाणी चढत होतं,
लक्षुमणची होडी आपल्या दोराच्या लांबीएवढी
हळूहळू वर येत होती.

कांदे काढले.
उसवलं म्हणता येत नाही, शिवलंच कुठे होतं?
सोडलं.
बाहेरून आत, फेरी फेरी.
मधल्या दोन मात्र त्यांनी सोडू दिल्या नाहीत.
"ऱ्हवांदे. तां धरून आसा."

दुसऱ्यांदा हात हलका.
वळणावर एकाच फटीत दोनदा.
दिवे लागले, गेले, पुन्हा आले,
मधल्या अंधारातही ते थांबले नव्हते,
फक्त कपड्याची सरसर ऐकू येत होती.

मावशी म्हणाली होती, शेवटचं शेपूट आत खुपसा,
दिसता कामा नये.
बाबांनी बाहेर ठेवलं.
एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारली,
धक्क्यावर मारतात ती.
"आजून कपडे फाटतले."

आता ते दारात आहे.
आई त्यावर पाय पुसत नाही, बाजूने जाते.
मधोमध पहिल्या घट्ट फेऱ्यांचा
एक छोटा उंचवटा राहिला आहे,
पाहुणे अडखळतात.
पण अनवाणी, ओला पाय ठेवला
तर तळव्याच्या पोकळीत
बरोब्बर बसतो.