मापांची वही

विजारी माझ्याकडे आधी येतात, बातम्या नंतर.
एकवीस वर्षं या डेपोत
लंडनच्या लाल बसवाल्यांच्या कमरा मोजतेय.

होरेस ब्लंडेल, ड्रायव्हर.
रुजू झाला तेव्हा बत्तीस इंच.
लढाई संपली, पुढे साखरेचं रेशन उठलं,
मी मागची शिवण उसवत गेले:
चौतीस, छत्तीस,
मग सरळ पाचर लावली
जुन्या कोटाच्या कापडाची.

त्याच बसवर सिरिल पोकॉक, कंडक्टर.
छातीवर तिकिटांचं यंत्र, दिवसभर जिना,
वर, खाली, परत वर.
कंबर होती तीच. झिजायचे गुडघे.
मी ठिगळ लावायची,
तो जिन्याच्या नावाने शंख करायचा.

चहा दोघांचा एकाच किटलीतला,
साखर तीन-तीन चमचे.

मार्चमध्ये होरेसने व्हॉक्सहॉलला
बस नीट कडेला घेतली, ब्रेक ओढला
आणि तसाच बसून राहिला.

मग एक तरुण डॉक्टर माझी वही मागायला आला.
बसणारे किती, चढणारे किती,
कुणाचं काळीज कितव्या वर्षी थांबलं.
दिली वही.
होरेसच्या पानावर बोट ठेवून म्हटलं,
हा शीळ फार छान घालायचा, ते कुठल्या रकान्यात?

आणि माझं काय?
पाय दिवसभर मशीनच्या पट्टीवर हलतात,
ते चालणं धरता का?
हसला. लिहिलं काही नाही.

त्या संध्याकाळी बसच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसले,
धापा टाकत.
मागोमाग सिरिल आला, तिकीट देत म्हणाला,
अगं, खाली जागा होती की.