उद्या उधार

नाव चक्कीच्या भिंतीवरून उचललं.
'आज रोख' बेनीला पटलं नाही,
उरलेलं ठेवलं.

कुर्ल्याला, हलाव पुलापाशी,
नऊला पट्टा थांबला की पोटमाळ्यावर आम्ही चौघं.
झांजांवर ज्वारीचं पीठ,
पहिल्याच ठोक्याला केर्सीच्या भुवया म्हाताऱ्या.

केर्सी ऑकलंडला गेला. ड्रमवर चादर घालून गेला,
चादर अजून तीच.
मग मुनाफ. तो वरातींत वाजवायचा,
लग्नसराईत आम्हाला ड्रमर नसायचा.
बेनी भांडून गेला; कशावरून, ते आता
आम्हा दोघांना वेगवेगळं आठवतं.
वैदेहीचा आवाज बसला, मग उठला तो
जाहिरातींसाठी: हिंग, टायर, एक सहकारी बँक.
रेडिओवर लागली की मी अजून
तिच्याखालचा सूर धरतो,
मेथी निवडता निवडता.

नंतरचे तिघे दोन वर्षांत आले-गेले.
एकाचं आडनाव कळलंच नाही कधी,
त्याचा सोलो मात्र वाजवतो आम्ही,
चुकीसकट.

परवा यज्ञेश, नवा ड्रमर, वय एकोणीस,
विचारत होता: काका, मूळचे कोण कोण उरले?
म्हटलं, मी. आणि चक्की.
पहिल्या कॅसेटवर गाण्याआधी घरघर आहे ना,
ती कुणी वाजवलेली नाही.
दिवाळीचे दिवस, भाजण्यांची रांग,
शेठनं चक्की थांबवलीच नाही त्या रात्री.

तो हसला. काठ्या उचलल्या.
तेवढ्यात खालून शेठचा मुलगा ओरडला,
कुणाचं तरी दळण राहिलंय,
डब्यावर नाव नाही.