खसखस

वाशीच्या कॅज्युअल्टीत, रात्री पावणेतीनला
रिक्षा थेट रॅम्पवर चढली
आणि चालक ओरडला, "ब्रदर! ओ ब्रदर!"
मागच्या सीटवर हा. एका पायात चप्पल.
सोबतचे दोघे म्हणे सिग्नललाच उतरले.

इथे मला सगळे ब्रदरच म्हणतात,
शिव्या देणारेसुद्धा.

ओठ जांभळं खाल्ल्यासारखे.
छातीच्या हाडावर मी मुठीची पेरं रगडली,
गाढ झोपेतला माणूसही हात उगारतो इतक्या जोरात.
हा नुसता घरघरला,
बुडत्या मडक्यासारखा.
घड्याळ बघत श्वास मोजले:
मिनिटाला चार.
पापणी उचलली, टॉर्च मारला.
बाहुली खसखशीएवढी.

आई अनारसे थापायची खसखशीवर.
एखादा दाणा फरशीवर सांडला
तर ओल्या बोटाने टिपून घ्यायची,
म्हणायची, महाग असते रे.
ज्या बोंडात ते दाणे
त्याच बोंडाला चीर दिली की चीक गळतो,
हे मला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी कळलं.
आईला सांगितलं नाही.

हनुवटी वर, मास्क घट्ट, पिशवी दाबली.
एक, दोन, तीन, चार, पाच. दाब.
एक, दोन, तीन, चार, पाच. दाब.
शीर सापडेना,
सगळ्या त्याने आधीच वापरून टाकलेल्या.
"दंडात द्या," डॉक्टर गुंजाळ म्हणाल्या.
नॅलोक्सोन. चमचाभरही नाही, पाण्यासारखं.
मग नुसतं दाबत राहणं.
बाहेर मार्केटकडे निघालेला कांद्याचा ट्रक
गिअर बदलत होता.

चौथ्या मिनिटाला बाहुल्या पसरल्या.
तो कुशीवर वळला आणि माझ्या बुटांवर ओकला.
पहिला शब्द आईवरून होता.
"कोणी सांगितलेलं तुला? सगळी उतरवलीस!"
घाम, काटा, थरथर.
पाणी गेलेलं असताना उघडा राहिलेला नळ
मध्यरात्री एकदम भरभरून सुटतो ना,
तसं त्याला सगळं दुखायला लागलेलं.
तो निघाला. मी दार अडवलं.

"माझं औषध तासाभरात उतरेल," मी म्हणालो,
"तुझं इतक्यात नाही.
खुर्च्या त्याच आहेत.
माझं उठलं की तुझं पुन्हा बसेल."
"मग झोपेन."
"तेच तर."

चारच्या सुमारास त्याने नाव दिलं:
हितेन भोईर, घणसोली गावठाण.
फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे
दोनदा बदलले.
पाचच्या आधी डोळे मिटले.
मी मोजत होतो. बारा. नऊ. सात.
दुसरा डोस.
या वेळची शिवी अर्धीच आली.

फॉर्मवर एक रकाना असतो:
आणणाऱ्याचं रुग्णाशी नातं.
रिक्षावाला भाडं न घेताच गेला होता.
रकाना कोराच राहिला.

उजाडताना हसूराम भोईर आले, शर्टाची बटणं वर-खाली लावलेले.
"क झाला माजे पोराला?"
मी म्हटलं, श्वास कमी पडला होता.
खोटं नव्हतं.
ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले,
पोराला हात लावला नाही.
बराच वेळाने म्हणाले,
"तुमी बसा, ब्रदर. मी मोजतो."
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता
बोटांच्या पेरांवर मोजू लागले,
अकरापर्यंत गेले,
चुकले,
पुन्हा एकपासून.